साग टिकला, पोलाद गेले



यवतमाळला समुद्र नाही, पण सागवान आहे. तेवढ्या नात्याने जहाजांवर बोलतो.

मुंबईत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. ओकच्या लाकडातल्या आम्लाने खिळे गंजतात. सागातले तेल उलट लोखंड राखते. तरीही तिच्या दुरुस्तीला दहा वर्षांहून जास्त काळ लागला.

आपली ‘विक्रांत’ पोलादी. १९७१चे युद्ध गाजवून ती १९९७ साली निवृत्त झाली, मग मुंबईत संग्रहालय म्हणून पाण्यातच उभी राहिली. खरी गोम इथेच आहे. खारे पाणी पत्रा खालून खाते, वरून रंग चकचकीत दिसतो. म्हणून ठरावीक वर्षांनी जहाज सुक्या गोदीत घेऊन तळाची जाडी मोजावी लागते, झिजलेले पत्रे बदलावे लागतात. एवढ्या मोठ्या विमानवाहू नौकेला हा खर्च न संपणारा. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली, २०१४ मध्ये तोडायला घेतली.

पैसा नव्हता, असे सगळे म्हणतात. माझ्या मते पहिल्याच वर्षी तिला कायमची कोरडी जागा द्यायला हवी होती. इंग्रजांची ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून तशीच कोरड्या गोदीत उभी आहे, आणि तिची डागडुजी अजून चालूच आहे.