व्यसनामागची जखम : मुलांची आणि मुलींची

(वसतिगृहांचे अधीक्षक, अधीक्षिका आणि महिला मंडळाच्या भगिनींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणतो. त्याला बरे करण्याआधी येशू बापाला विचारतो, की हे याला कधीपासून होते आहे. बाप सांगतो, की बाळपणापासून. हाच प्रश्न आज मला तुमच्या हाती द्यायचा आहे.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मुलांच्या खिशात पुडी सापडते. मग आपण विचारतो, कोणी दिली? किती दिवस खातोस? त्याच्या बाळपणी काय घडले, हे सहसा विचारत नाही.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बाळपणाविषयी विचारले गेले. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातले व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितका पुढे दारूचा आणि इतर नशेचा धोका जास्त, असे त्यात दिसले. भारत सरकारच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. तीनपैकी दोन मुलांनी मारहाण सोसली होती. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्त होते. तेव्हा ही आदिवासी पाड्यांची रीत आहे असे कोणी म्हणू नये. हे दुखणे साऱ्या समाजाचे आहे.

आता मुलगा आणि मुलगी यांतला फरक पाहू. मुलगे नशा अधिक करतात, कारण त्यांना मोकळीक अधिक असते. होळीला मोहाची दारू मोठ्यांबरोबर घेतली, तर कोणी फारसे हटकत नाही. म्हणून पिणाऱ्या प्रत्येक मुलामागे छळच असेल असे नाही. मुलीला मात्र सगळे गाव अडवते. ती इतके अडथळे ओलांडून नशेकडे वळते, तेव्हा मागे काहीतरी मोठे असण्याची शक्यता अधिक. बऱ्याच अभ्यासांत, सगळ्यांत नाही, छळ आणि व्यसन यांचा संबंध मुलींमध्ये जास्त घट्ट दिसला आहे. अमेरिकेत लहानपणी छळ किंवा हेळसांड झालेल्यांची मोठेपणी पाहणी केली, तेव्हा हेळसांड आणि दारूचे व्यसन यांचा संबंध स्त्रियांत आढळला, पुरुषांत नाही.

हेळसांड हा शब्द आपल्याकडे नीट ऐकायला हवा. धुळे-नंदुरबारकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे राहिलेली थोरली मुलगी भावंडांची आई होते, आणि तिच्याकडे पाहायला कोणी नसते. आईबाप वाईट नसतात, पोट त्यांना घेऊन जाते. पण मुलीचे एकटेपण त्याने कमी होत नाही.

दुःख दिसतेही वेगवेगळे. मुलगा अनेकदा भांडतो, शाळा बुडवतो, पंक्चरचे सोल्युशन हुंगतो, आणि आपण त्याला गुंड ठरवतो. मुलगी अनेकदा गप्प होते, पोट दुखते म्हणते, झोपत नाही, आणि हळूच मिश्री लावते. मिश्री घरोघरी असल्याने ते व्यसन कोणाला दिसतच नाही. मुलाला आपण शिक्षा करतो, मुलीकडे आपले लक्षच जात नाही. आणि मुलावर अत्याचार झाला असेल, तर ‘पुरुषासारखा पुरुष’ या शब्दांनी त्याचे तोंड आपणच बंद केलेले असते.

म्हणून माझी विनंती अशी. व्यसन सापडले की लगेच घरी पाठवू नका. ज्या घरात मार बसतो, त्याच घरी आपण मूल परत सोडत असू. आधी जेवू घाला, एकांतात पण इतरांच्या नजरेसमोर बसा, आणि ऐका. मुलीशी बाईने बोलावे. मुलाने कोणाशी बोलायचे, हे त्यालाच निवडू द्यावे. खोदून खोदून विचारू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही.

लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मिशनची संस्थाही त्यातून सुटत नाही. संस्थेचे नाव राखण्यासाठी लेकराला गप्प बसवणे हे पाप आहे, असे मी स्पष्ट सांगतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर, मुलांच्या उंचीला, लिहिलेला असावा.

त्या बापाला येशूने दोष दिला नाही. प्रश्न विचारला, उत्तर ऐकले, आणि मुलाचा हात धरून त्याला उभे केले. आपल्या लेकरांसाठी आपणही त्याच क्रमाने चालू या. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.