वाचता येतं, पण कळतं का?



सातारा-सांगलीकडच्या आपल्या अनेक घरांत दखनी बोलतात आणि शाळेचं पुस्तक मराठीत असतं. तिसरी-चौथीतलं मूल धडा घडाघडा वाचतं, आपण खूश होतो. पण 'गोष्टीतला शेतकरी का रुसला?' असं विचारलं की ते गप्प होतं. अक्षरं ओळखणं वेगळं आणि अर्थ लावणं वेगळं. अर्थ लावायचा राहिला की गणितातलं शाब्दिक उदाहरण अडतं, विज्ञान पाठांतरावर जातं आणि पोरावर 'ढ'चा शिक्का बसतो.

मक्तबमध्ये आपण अरबी अक्षरांचा शुद्ध उच्चार शिकतो. तिलावतीला तिचं स्थान आहेच. पण शाळेचं पुस्तक नुसतं उच्चारून भागत नाही.

उपाय लांब नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषदेच्या शाळांतली मुलं गटात बसून, एकमेकांना विचारत शिकू लागली. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला आले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं. फलटणच्या मराठी बोलीचा त्यांनी आधी अभ्यास केला होता.

1984 मध्ये पॅलिंक्सर आणि ब्राऊन या अमेरिकन संशोधकांनी मुलांनी आळीपाळीने शिक्षक होण्याची पद्धत मांडली. तिच्यात चार कामं आहेत. ती चार मुलांत वाटून द्या. एकाने पुढे काय होईल याचा अंदाज करायचा, दुसऱ्याने प्रश्न विचारायचा, तिसऱ्याने अडलेला शब्द सोडवायचा, चौथ्याने परिच्छेद थोडक्यात सांगायचा. परिच्छेद संपला की कामं बदला, नाहीतर हुशार पोरगंच सगळं उरकतं. चर्चा दखनीत झाली तरी चालेल, शेवटी सांगणं मराठीत होऊ द्या. बाईंसमोर 'कळलं नाही' म्हणायला लाजणारं मूल दोस्तापाशी ते सहज म्हणतं. शिकणं तिथूनच सुरू होतं.

आणखी एक गोष्ट. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि भांडणं होत होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होईना. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, 1924 मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं एका वसतिगृहात आणली होती.

म्हणून तुमच्यापैकी जे शिकवणी घेतात, डी.एड. करतात किंवा ज्यांना रविवारी तासभर मोकळा असतो, त्यांना एकच विनंती आहे. मोहल्ल्यातली चार मुलं घ्या आणि बालभारतीचा एक धडा घ्या. गट फक्त आपल्याच मुलांचा करू नका. शेजारच्या गल्लीतल्या पोरांनाही बोलवा. एकमेकांना धडा समजावून सांगणारी मुलं पुढे एकमेकांबद्दलच्या ऐकीव गोष्टींवर लगेच विश्वास ठेवणार नाहीत, अशी आशा धरायला जागा आहे.