डॅशबोर्डवरचा लाल दिवा

लाँग वीकेंड जवळ आलाय. म्हणजे आपल्यातली बरीच घरं दशम्या-चटणी बांधून तुआस नाहीतर वुडलँड्सच्या रांगेत उभी असणार. म्हणून आज थोडं गाडीविषयी.

गेल्या वर्षी आम्ही मलाक्क्याला निघालो होतो. साताऱ्याहून आलेले माझे काका मागच्या सीटवर. काकांचा उभा जन्म ट्रकवर गेला, खंबाटकीचा घाट त्यांना तोंडपाठ. महामार्गावर अचानक लाल दिवा लागला, चोचीतून थेंब गळणाऱ्या तेलाच्या डब्याचा. मी म्हटलं, "रेस्ट एरिया १५ किलोमीटरवर आहे, तिथे बघू." काका म्हणाले, "अगं, इंजिन तेवढं थांबणार नाही. बाजूला घे आणि बंद कर."

घेतली बाजूला. आदल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग झालं होतं आणि ऑईल काढायचं खालचं बूच नीट आवळलेलं नव्हतं. सगळं ऑईल वाटेत सांडलं होतं. गंमत म्हणजे महिन्यापूर्वीच गाडी इन्स्पेक्शनमध्ये पास झाली होती!

इथे ३ ते १० वर्षांच्या गाडीची तपासणी दोन वर्षांतून एकदा होते, त्यापुढे दरवर्षी. मालवाहू लॉरीची दरवर्षी, आणि १० वर्षांपुढे दर सहा महिन्यांनी. पण तो कागद त्या दिवसापुरता बोलतो. उरलेले दिवस दिव्यांकडे बघायचं.

काकांचा हिशोब सोपा: लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे लवकर. ऑईल, ब्रेक, तापमान यांचा लाल दिवा लागला की थांबायचंच. (हँडब्रेक ओढलेला राहिलाय का, ते आधी बघा. माझं दोनदा झालंय.) तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गॅरेजची वेळ घ्या, पण लुकलुकायला लागला तर वेग कमी करून थांबा.

मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीतला दाब उतरला की दिवा लागतो, बझर वाजतो. काका सांगतात, घाटात तो बझर ऐकला की पोटात गोळा यायचा.

इथल्या लॉऱ्यांच्या मागे माणसं बसलेली असतात, हे आपण रोज बघतो. २० एप्रिल २०२१ ला पीआयईवर कामगारांची लॉरी थांबलेल्या टिपर ट्रकवर आदळली आणि दोन कामगार गेले. आपल्यापैकी काही जण बांधकामावर, शिपयार्डमध्ये सुपरवायझर आहेत. ड्रायव्हर सकाळी "सर, दिवा लागतोय" म्हणाला, तर "आजची ट्रिप मार, उद्या बघू" म्हणू नका. तो परक्या देशात, वर्क परमिटवर. दुसऱ्यांदा सांगायची त्याची हिंमत होत नाही.

आणि थांबलेली गाडीही धोक्याचीच. एक्स्प्रेसवेवर बंद पडलात तर हॅझर्ड लावा, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे न्या, मगच फोन. सिंगापूरच्या एक्स्प्रेसवेवरून ईमासची गाडी तुम्हाला जवळच्या ठरलेल्या कारपार्कपर्यंत फुकट ओढून नेते.

आमची गाडी ओढून न्यायला दीड तास लागला. कठड्यामागे उभ्या-उभ्याच दशम्या संपल्या. इंजिन वाचलं, खर्च फक्त बूच आणि नव्या ऑईलचा. मलाक्का मात्र राहिलं. काका म्हणतात, पुढच्या खेपेला.