नाक: रूपाला आणि श्वासाला

नाक सुबक करून द्या म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, "श्वास मोकळा येतो का?"

एक मुलगी आईबरोबर आली. लग्नाचं बघत होते; हातात एका नटीचा फोटो. नाकावर उंचवटा होताच, पण आतला पडदाही वाकडा. "नाक चोंदणं हिच्या पाचवीलाच पुजलंय," आई म्हणाली.

नुसता उंचवटा कापून नाक चिंचोळं केलं, तर रूप येतं आणि श्वास कोंडतो. सुश्रुतसंहितेतही गालाच्या कातडीचं नाक बसवल्यावर आत दोन नळ्या ठेवायला सांगितल्या आहेत. रूप आणि श्वास यांची फारकत तेव्हाही नव्हती.

मी पडदा सरळ केला, उंचवटा बेताने काढला आणि वाट उघडी राहावी म्हणून पडद्यातल्याच कूर्चेच्या दोन पट्ट्या आत आधाराला लावल्या. नटीचं नाक मिळणार नाही आणि सूज पुरती उतरायला वर्षही लागेल, हे आधीच सांगितलं होतं.

वर्षाने दोघी आल्या. आईने तो फोटो पुन्हा आणलाच होता. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, आता मी तोंड मिटून झोपते."