ब्लेड कुणाच्या हाताला लागतं?



आमच्या खालापूरच्या घरात अब्बा अजून दुधारी ब्लेडनंच दाढी करतात. मीही. गेल्या पावसाळ्यात मी जुनं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. कागद भिजून फाटला आणि घंटागाडीवरच्या ताईंच्या तळव्याला ब्लेड लागलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. हाताला फडकं बांधून पुढच्या दाराशी गेल्या. ते न बोलणंच मला जास्त लागलं.

ब्लेड दाढीला निकामी होतं, कातडी कापायला नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस जिवंत राहतो. घाण गेलेल्या जखमेतून धनुर्वात होऊ शकतो.

२०१६च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या आणि तो वेगळा ठेवायला सांगितलं. ब्लेडलाही तोच न्याय लावू. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचकांनी सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला घराघरांना शिकवलं. बघताक्षणी कळतं, आत काय आहे.

आपण काय करायचं? झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. झाकणाला फट पाडा. ब्लेड त्यातच टाका. डबा भरला की फट चिकटपट्टीनं बंद करा, वर लाल ठिपका काढून ‘ब्लेड’ असं लिहा. पिशवीत न टाकता हातात द्या आणि तोंडानं सांगा.

वाटेतला काटा बाजूला करणं हाही सदका, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आधी आपणच टाकलेला काटा उचलू या.