सुकाणू मोडल्यावर
१९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील काउझहून निघून आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकास वळसा घालून प्लिमथला पोहोचण्याच्या शर्यतीत ३०३ शिडाच्या नौका उतरल्या होत्या. त्यांतील काहींचे सुकाणू कार्बनतंतूंच्या नव्या, हलक्या द्रव्याने घडविलेले होते, आणि १३ तारखेच्या रात्री झंझावात उठताच, ज्यावर कारागिरांनी एवढा इतबार टाकला होता, तेच द्रव्य कित्येक ठिकाणी दगा देऊन मोडले. सुकाणू गेलेली नौका केवळ दिशाच गमावत नाही. ती लाटांना आडवी पडते, आणि फुटणारी लाट तिला कुशीवर लोळविते, प्रसंगी पालथीही करते. तेव्हा मागे जड दोरखंड सोडून तिची पिछाडी लाटांकडे राखणे, ही पहिली तजवीज.

त्या शर्यतीतील १५ खलाशी मरण पावले. २४ नौका सोडून देण्यात आल्या, परंतु त्यांपैकी बुडाल्या त्या ५. उरलेल्या पुढे तरंगत्या स्थितीत हाती लागल्या, आणि ज्यांच्या भरवशावर त्या सोडल्या ते रबरी तराफे मात्र काही प्रसंगी उलटले वा फाटले. नौका खरोखर पायाखालून जाईपर्यंत तराफ्यात उतरू नये, हा नाविकांचा दंडक यथार्थच आहे. तथापि काळोखात, पाणी गुडघ्याशी आले असता, हा हिशेब कोणास सुचावा, याविषयी किनाऱ्यावरून बोलणाऱ्याने जपूनच बोलावे.