वैद्यकीच्या वाटेवरील विद्यार्थी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी विषय सुचविला तो 'डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांना मार्गदर्शन' असा. हे शब्द कानी पडताच पालकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो शिकवणीवर्गाचा : कोणता, कोठे आणि किती फीचा. त्याचे उत्तर देण्यास शहरभर लागलेले फलक समर्थ आहेत. आम्ही आज निराळेच बोलणार आहोत. ज्या मुलाला किंवा मुलीला वैद्यकीची ओढ आहे, त्यांनी परीक्षेच्या पुस्तकाबाहेर, खऱ्या प्रयोगशाळेत वा खऱ्या दवाखान्यात, पाऊल कसे टाकावे आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यांना कोठे अडवून ठेवले आहे, हा आमचा विषय.

अमेरिकेत शाळा संपताच कोणी वैद्यकीय महाविद्यालयात जात नाही. आधी बहुधा चार वर्षांची पदवी, मग प्रवेशपरीक्षा. आणि अर्जाच्या वेळी गुणांबरोबरच कोणत्या प्रयोगशाळेत काम केलेस, रुग्णांच्या सान्निध्यात किती काळ घालविलास, हेही पाहिले जाते. म्हणून तेथील विद्यार्थी पहिल्या वर्षापासून अशा संधी शोधीत असतो. आपल्याकडे बारावी झाली की 'नीट'ची परीक्षा, आणि तिच्या गुणांवर सारा निकाल. प्रयोगशाळेत दोन महिने घालविल्याबद्दल तेथे एकही गुण वाढत नाही. हे आम्ही आरंभीच कबूल करतो, म्हणजे पुढे कोणी आमच्यावर फसवणुकीचा आरोप करावयास नको.

मग हा खटाटोप कशासाठी? २०२४ साली 'नीट'साठी २४ लाखांवर मुलांनी नावे नोंदविली होती, एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात त्या सुमारास लाखाच्या थोड्या वर होत्या. उरलेल्यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. त्यांतले कितीतरी बी.एस्सी.ला येतात, आणि येतात ते हरल्यासारखे. आमच्याच शाळेतून गेलेली मुले रस्त्यात भेटली की नजर चुकवितात. वस्तुतः रोगाचा जंतू ओळखणारा, लस तयार करणारा, औषधाची मात्रा ठरविणारा माणूस पुष्कळदा एम.बी.बी.एस. नसतो, तो प्राणिशास्त्राचा, रसायनशास्त्राचा, सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर असतो. हे त्या मुलांना कोणी दाखविलेले नसते. आणि ज्यांना प्रवेश मिळतो त्यांच्यातही असे काही निघतात की ज्यांनी रुग्णालयाचा वास प्रथम घेतला तो प्रवेश मिळाल्यानंतरच. आपल्याला हे काम आवडते की नाही, हे वडिलांनी लाखो रुपये भरल्यानंतर कळू नये, एवढीच आमची अपेक्षा.

आता आपले भोपाळ पाहा. गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे. भौंरीला 'आयसर' २००८ साली निघाले; साकेत नगरला 'एम्स'चे वर्ग २०१२ साली सुरू झाले. पर्यावरण आणि आरोग्य यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१० साली याच शहरात काढली. करोंदला मेमोरियल रुग्णालय आहे. आनंदनगरकडे पशुरोगांची प्रयोगशाळा आहे. तिच्याविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा त्यांचे नमुने तपासले गेले ते आपल्या भोपाळात. आणि देशात बर्ड फ्लू शिरल्याचे येथेच सिद्ध झाले. नवापूरच्या माणसाला भोपाळचे नाव त्या दिवशी कळले असेल. त्या प्रयोगशाळेवरून रोज बसने जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना मात्र ते आम्ही सांगेपर्यंत ठाऊक नव्हते.

यांतल्या काही संस्था येथे का आल्या, हे या सभागृहात कोणाला सांगावयास नको. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री आम्ही चार वर्षांचे होतो. अम्मींनी आम्हांला रजईत गुंडाळून नेले, एवढेच आठवते. नंतर काही वर्षे वस्तीत वह्या घेऊन माणसे येत. दम किती लागतो, डोळ्यांतून पाणी येते का, घरात नवे मूल झाले का, असे तेच प्रश्न पुनःपुन्हा विचारून लिहून घेत. अम्मी त्यांना चहा देत आणि आम्ही त्या वहीतील आडव्याउभ्या रेघा पाहत बसत असू. संशोधन नावाची गोष्ट आम्ही प्रथम पाहिली ती अशी : दुर्बीण नाही, पांढरा कोट नाही, एक माणूस, एक वही आणि तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची चिकाटी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली, तिचे कामही याच जातीचे. खेड्यांतील नवजात बालके का दगावतात, हे त्यांनी आधी मोजले. मग गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरच्या घरी बाळांची काळजी घेण्याची व्यवस्था केली आणि ४७ गावांशी तिची तुलना केली. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त आला आणि जगाने तो वाचला. मोजण्याची बुद्धी असली तर खेडेही प्रयोगशाळा होते.

या विचाराने आम्ही एका पावसाळ्यात नववीच्या मुलांना कूलर मोजावयास लावले. भोपाळात उन्हाळा संपला तरी कूलर खिडकीतच राहतो, पाणीही तळाशी तसेच राहते, आणि त्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. मुलांनी शाळेजवळच्या तीन गल्ल्या वाटून घेतल्या व दर रविवारी कोणत्या कूलरमध्ये अळ्या दिसतात ते लिहिले. बहुतेकांच्या वह्या दुसऱ्या रविवारी बंद पडल्या. एका मुलीची वही दिवाळीपर्यंत चालली. तिचे वडील मोटारदुरुस्तीचे काम करतात. घर आपल्याच मंडळींपैकी. नाव सांगत नाही, कारण ती आज श्रोत्यांत असण्याचा संभव आहे.

बारावीनंतर दोनदा परीक्षा देऊनही तिला जागा मिळाली नाही. तिने बी.एस्सी.ला नाव घातले आणि शहरातील शास्त्रज्ञांना ईमेल पाठविण्यास आरंभ केला. एकाचेही उत्तर आले नाही, तेव्हा ती आमच्याकडे आली. पत्र वाचून आम्हांला हसू आले, मग वाईट वाटले. 'आदरणीय महोदय, मला लहानपणापासून वैद्यकीय क्षेत्राची आवड असून आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास' वगैरे. हाच मजकूर तीस जणांना! नाव तेवढे बदललेले, आणि एका ठिकाणी तेही बदलावयाचे राहून गेलेले. आम्ही म्हणालो, "बेटा, यात तू कोठे आहेस?" ती म्हणाली, "सर, माझ्याकडे सांगण्यासारखे आहे काय?" आम्ही तिला ती कूलरची वही आणावयास सांगितली.

दुसरे पत्र दहा ओळींचे झाले. मी अमुक वर्षाला आहे. शाळेत असताना अमुक आठवडे अशा नोंदी केल्या. एका गल्लीत अळ्या सतत सापडत आणि शेजारच्या गल्लीत क्वचित, याचे कारण मला उमगले नाही. आपण डासांवर काम करता असे वाचले. आठवड्यातून दोन दुपारी येऊन नळ्या धुण्यापासून कोणतेही काम करीन. असे पत्र तिने पाच जणांनाच लिहिले, प्रत्येकाचे काम आधी समजून घेऊन. तिघांनी उत्तर दिले नाही, एकाने जागा नाही असे कळविले, एकाने भेटावयास बोलाविले. सहा महिने तिने खरोखरच नळ्या धुतल्या. सातव्या महिन्यात तिला सूक्ष्मदर्शकाशी बसविले.

पत्रावर आम्ही एवढा वेळ घालवितो याचे नवल वाटू नये. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याचे मूळ एका पत्रातच आहे. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले. त्याच्याकडून हवे ते उत्तर आले नाही, परंतु ते पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले, न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले, आणि पुढचे आपण जाणता. नकाराने भागत नसेल तेथे समक्ष जावे. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांनी १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला. मुलगी म्हणून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. बाई स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. वर्षभर काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन शिकविले. इंदूर येथून चार तासांवर आहे. आमच्या मुलींना आम्ही ही गोष्ट दरवर्षी सांगतो.

योजनांविषयी थोडक्यात सांगतो. बंगलोर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून बी.एस्सी.सारख्या वर्गांच्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांकडे काम करण्यासाठी शिष्यवृत्ती देत आल्या आहेत. ज्यांना एम.बी.बी.एस.ला जागा मिळाली त्यांच्यासाठी आयुर्विज्ञान परिषदेची दोन महिन्यांची विद्यार्थी-संशोधन योजना १९७९ पासूनची आहे. तिला मार्गदर्शक आपल्याच महाविद्यालयात शोधावा लागतो. अकरावी-बारावीला जीवशास्त्राची ऑलिंपियाड आहे. पुढची फेरी न गाठली तरी तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडविणे हेच एक शिक्षण आहे. मात्र दारे उघडतात तशी बंदही होतात. १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ साली बंद होऊन दुसऱ्या योजनेत विलीन झाली, आणि तिची जुनी कात्रणे घेऊन पालक अद्याप आमच्याकडे येतात. तेव्हा अर्जापूर्वी योजना जिवंत आहे ना, हे संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे. पैसे घेऊन आठ दिवसांत 'संशोधनाचे' प्रमाणपत्र देणारी दुकाने निघाली आहेत, त्यांच्या वाऱ्यास उभे राहू नये. तो कागद भिंतीवर शोभतो, इतकेच.

शाळकरी मुलाला मोठ्या रुग्णालयात सहसा कोणी येऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्याने मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना विचारावे. सुट्टीत महिनाभर केसपेपर लिहून देईन, म्हाताऱ्या माणसांना बाकावरून आत नेईन, असे म्हटले तर भला डॉक्टर नाही म्हणत नाही. अट एकच : तेथे ऐकलेले घरी बोलावयाचे नाही, आणि मोबाइल खिशातून काढावयाचा नाही.

आता जे सांगण्याकरिता आम्ही येथे उभे आहोत ते सांगतो. २०२३ च्या नोव्हेंबरात त्या मुलीने एका उन्हाळी योजनेचा अर्ज भरला. शिफारसपत्र शिक्षकाचे हवे होते. महाविद्यालयात वर्ग एवढा मोठा की तिला नावाने ओळखणारे कोणी नव्हते. म्हणून ती आमच्याकडे आली. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस. १७ तारखेला मतदान, त्याआधी प्रशिक्षण, आम्ही मतदानकेंद्राच्या कामावर. पत्र लिहावयाचे ते आम्ही 'परवा लिहू' म्हणून ठेवले. निवडणुकीनंतर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला, आणि ते पत्र आमच्या लक्षातून साफ गेले. आठवण झाली तेव्हा मुदत टळून दोन दिवस झाले होते. तिने आम्हांला दोनदा विचारले होते. तिसऱ्यांदा विचारण्याचा तिला संकोच वाटला. नंतर तिचे वडील भेटले, तेव्हा एवढेच म्हणाले, "मास्तरसाहेब, आम्हांला यातले कळत नाही, तुम्ही जे केले असेल ते बरोबरच असेल." याहून त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढल्या वर्षी पत्र वेळेवर गेले आणि तिची निवडही झाली. परंतु योजनेचे पैसे हाती पडण्यापूर्वी रेल्वेचे भाडे, खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचे जेवण यांची तजवीज करावी लागते. ती वडिलांनी कर्ज काढून केली. त्याच महिन्यात आपल्या न्यासाच्या गुणगौरव समारंभात आम्ही स्वतः व्यासपीठावर बसून चांदीची पदके आणि शाली वाटीत होतो. पदके मिळविणाऱ्या मुलांचे आम्हांला कौतुक आहे. परंतु त्या दिवशी आमच्या मनात हिशेब चालला होता, हे लपविण्यात अर्थ नाही.

विश्वस्त मंडळींपुढे आमची मागणी आहे ती अशी. पदकांच्या खर्चातला अर्धा भाग वेगळा काढून त्याचा प्रवासनिधी करावा. ज्या मुलाला वा मुलीला परगावच्या प्रयोगशाळेचे बोलावणे येईल, त्याला भाडे आणि पहिल्या महिन्याचा खर्च आठवड्याच्या आत द्यावा. शिष्यवृत्ती मिळाली की त्याने तो परत करावा. मुलगी परगावी एकटी राहणार म्हणून घरचे कचरत असतील, तर त्या गावातील आपल्या ओळखीच्या कुटुंबाला चिटणीसांनी पत्र द्यावे. आणि शिफारसपत्रांसाठी दोन सेवानिवृत्त प्राध्यापक व दोन शिक्षक यांची नावे फलकावर लावावीत, म्हणजे कोणाचा अर्ज एका माणसाच्या विसराळूपणावर अवलंबून राहणार नाही. त्या दोन शिक्षकांत आमचे नाव घालण्यास आमची हरकत नाही. आम्ही दर शनिवारी दुपारी अडीचनंतर शाळेत असतो. मुलांनी आपली वही बरोबर आणावी. शाळेचा शिक्का आमच्याजवळच असतो.